किन्हवलीचे तीनशे बारा सभासद

किन्हवलीच्या एस.टी. स्टँडवर डकवलेला कागद एक अनोळखी माणूस नखाने खरवडून काढत होता, आणि ते बघून अनिताचं डोकंच फिरलं.

"अहो, हात नका लावू. धाकलूकाकांचा निरोप हाय तो."

तो वळला. खांद्याला बॅग, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि डोळे असे की तिला रागवायचं होतं ते अर्धंच राहिलं.

"हा निरोप तर आमच्या साइटवरचा आहे," तो म्हणाला. "भिंतीवर कसा आला?"

आता ह्याला काय सांगायचं कपाळ!

दोन हजार साल होतं ते. मुंबईच्या एका कंपनीने 'शिवारकट्टा डॉट कॉम' काढलं होतं. गावोगावची माणसं म्हणे आता कॉम्प्युटरवरच भेटणार, तिथेच गप्पा मारणार. पेपरवाल्यांनी तर रकानेच्या रकाने भरले होते. किन्हवलीच्या वाचनालयामागच्या खोलीत असा एक कॉम्प्युटर आला आणि टायपिंग शिकलेली अनिता त्याच्यापुढे बसू लागली. बाकीच्या गावांत पाच-सहा सभासद, इथे मात्र तीनशे बारा! हा चमत्कार काय ते बघायला कंपनीने शेखरला धाडलं होतं. होता इथल्याच, जवळच्या आसनगावचा, पण नोकरीपायी मुंबईचा झालेला.

चमत्कार बिमत्कार काही नव्हता. लोक अनिताच्या खिडकीशी येऊन तोंडाने सांगायचे. भाताच्या झोडणीला चार माणसं हवीत, मुरबाडच्या जीपमध्ये दोन जागा आहेत, म्हसा गावच्या जत्रेआधी धाकलूकाकांना बैलजोडी विकायची आहे. कंपनीचा नियम म्हणून ती ते ज्याच्या-त्याच्या नावाने टाइप करायची, आणि लोकांना कळावं म्हणून तेच कागदावर लिहून स्टँडवर डकवायची. गावातल्या एकानेही कॉम्प्युटरला बोट लावलं नव्हतं.

शेखर हसत सुटला. "म्हणजे तीनशे बारा जणांची बोटं तुझीच?"

"दहाच हायेत. मोजून घ्या."

तो खरंच मोजू लागला... नजरेनेच, पण सातव्या बोटाशी अडकला तो अडकलाच. अनिताने हात ओढणीआड घेतले.

मग दर गुरुवारी तो यायला लागला. कॉम्प्युटर बिचारा धडधाकट होता, तरी ह्याला तो तपासायचा असायचा. ऑफिसात त्याने आकडे कळवले, पण टाइप कोण करतं ते गाळलं. आपल्यासाठीच गाळलं हे अनिताला कळत होतं, आणि आवडतही होतं. तिथेच घोळ झाला.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. शनिवारी साहेब कंपनीत पैसे घालणाऱ्या पाहुण्यांना घेऊन येणार होते, कॅमेऱ्यासकट. गावकरी स्वतः टाइप करताना दिसले नाहीत, तर केंद्र बंद आणि शेखरची नोकरीही जाणार.

"आठ जणांना बटणं दाबायला शिकव. तासाभराचा प्रश्न आहे. आणि विचारलंच, तर सांग... हे स्वतःच लिहितात."

"आणि मी कोण मग?"

त्याने बॅग खांद्याला अडकवली. त्या दिवशी तो चहा न घेताच गेला, आणि तिनेही थांबवलं नाही. हा माणूस गरज पडली की आपल्याला पुसून टाकणार, ह्या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

शनिवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. धाकलूकाकांना कॉम्प्युटरपुढे बसवलं होतं. काहीतरी लिहा म्हटल्यावर काकांनी हात मांडीवरच ठेवले. "लिही गो अनिता, बैल विकले गेले माझे. कागद काढून टाक."

साहेब घाईघाईने हसले. काका लाजतात, म्हणाले. पाहुणे मात्र अनिताकडे वळले. "ही माणसं स्वतःच लिहितात ना?"

घरून निघतानाच तिने ठरवलं होतं, खरं ते सांगायचं. पण समोर शेखर उभा होता, हाताची बोटं एकमेकांत आवळलेली. जीव जडला होता त्याच्यावर, काय करणार?

"हो," ती म्हणाली. "स्वतःच."

"नाय." शेखर पुढे आला. "ती खोटं बोलतेय. मीच सांगितलंय तिला तसं. माणसं खरी आहेत, पण ती येतात हिच्याकडे. लिहिते ही एकटी."

कॅमेरा बंद झाला. दुपारपर्यंत कॉम्प्युटर साहेबांच्या जीपमध्ये चढला. शेखरला मात्र कुणी बस म्हटलं नाही.

स्टँडवर अनिता त्याच्यावर उखडली. "कशाला बोललात? मी 'हो' म्हटलं होतं ना."

"म्हणूनच बोललो. माझ्यापायी तुला खोटं बोलायला लागलं. तसाच गप्प राहिलो असतो तर तुझ्याबरोबर जन्म कसा काढला असता?"

"जन्म?"

काय बोलून गेलो ते त्याला तेव्हा कळलं. कानापर्यंत लाल झाला, पण नजर हलवली नाही. "हो... जन्म."

मुरबाडची गाडी येऊन लागली. दोघांपैकी कुणाला कुठे जायचंच नव्हतं. गाडी तशीच निघून गेली.

"बाबा विचारतील, पोरगा काय करतो," ती हळूच म्हणाली.

"काय सांगशील?"

"खरं तेच. सध्या काय करत नाय." तिचे डोळे भरून आले होते, आणि हसूही आवरत नव्हतं. "उद्याच या. मी सांगून ठेवते."