चांदवेणी मिटते तेव्हा

“मॅडम, या फुलांना कुणी नावडतं असतं का?”

प्रश्न विचारून झाला आणि मागे निगार आणि पूर्वजा या दोघींनी ओढण्यांत तोंडं खुपसली. पैजच तशी होती. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, प्रदर्शनात सगळ्यात मोठ्या शास्त्रज्ञबाईंना सगळ्यात बावळट प्रश्न विचारायचा, नाहीतर आठवडाभर आपला डबा मैत्रिणींच्या हवाली करायचा. ओजस्वी दळवी, दहावी ब, गेल्याच महिन्यात वक्तृत्वाची ढाल घेऊन आलेली. ती असल्या पैजेला थोडीच भिणार होती.

पण डॉ. शर्वाणी खोत हसल्या नाहीत.

“असतं की,” त्या म्हणाल्या. “कुठल्याही झाडाला असतं. बाकीची झाडं तोंडावर दाखवत नाहीत, एवढंच.”

एव्हाना घावखूण हा शब्द शाळेतल्या पोरांनाही माहीत होता. रस्त्यावरच्या वडाला कुणी खिळा ठोकला, तर प्रयोगशाळेत वडाचं एक पान आणि संशयिताचा रुमाल न्यायचा. संध्याकाळपर्यंत निकाल मिळायचा. झाडाला मेंदू नसतो. पण त्याला जखम झाली, की जखम करणाऱ्याच्या अंगाचा वास ते धरून ठेवतं. पेशींमधल्या गुणसूत्रांवर बारीक रासायनिक गाठी मारून ठेवतं. हीच घावखूण. त्या झाडाच्या तुकड्यापासून नवं झाड वाढवलं तरी गाठ सुटत नाही, आणि पुढे बीतही उतरते.

“या चांदवेणीची घावखूण तर इतकी पक्की, की तो वास आला की फूल मिटतं,” डॉ. खोत म्हणाल्या. काचघरात चारशे ओंडके टांगलेले होते आणि प्रत्येकावरून पांढऱ्या फुलांची एकेक वेणी खाली लोंबत होती. “तीन वर्षांपूर्वी गव्याच्या सड्यावर, तिथल्या कातळाच्या पठारावर, एका जांभळीवरून कुणीतरी हिचं अख्खं झाड ओरबाडून नेलं. जंगलातलं शेवटचं. फांदीवर बोटभर देठ उरला होता. ही चारशेच्या चारशे त्या देठाची.”

“कुणी नेलं?” पूर्वजानं विचारलं.

“माहीत नाही. आतापर्यंत पन्नास हजार माणसं बघून गेली. एकदाही मिटली नाहीत.”

गव्याचा सडा हे नाव ऐकून ओजस्वी अर्धं पाऊल मागे सरकली होती. पण मैत्रिणी बघत होत्या. ती ऐटीत एक पाऊल पुढे गेली.

समोरची वेणी खालपासून वरपर्यंत मिटली. घाईनं नाही. नको ते माणूस घरात आल्यावर बायका बोलायच्या थांबतात, तशी.

“काय गं, अंघोळ केलीस ना सकाळी?” निगार म्हणाली.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं ओजस्वी हसली. “सेंट लावलंय मी,” ती म्हणाली आणि नळ शोधायला गेली. कोपरापर्यंत साबण चोळून, हात लाल करून परत आली. दुसऱ्या रांगेतून चालली, तर दुसरी रांग मिटली. तिसरीतून चालली, तर तिसरी. मागे वळून बघितलं तेव्हा ती कुठून कुठून गेली होती त्याची वाटच फुलांत उमटली होती.

आता कुणी हसत नव्हतं.

सातवीत हर्बेरियमची स्पर्धा होती. झाडं दाबून, वाळवून कागदावर चिकटवायची. सरांचा नियम होता, झाड मुळासकट पाहिजे, नाहीतर गुण कापणार. सगळ्यांनी तुळस आणि आघाडा आणला होता. ओजस्वीला पहिला नंबर पाहिजे होता. बाबांनी तिला सड्यावर नेऊन खांद्यावर घेतलं, आणि तिनं जांभळीवरचं ते झाड दोन्ही हातांनी ओढलं. पहिला नंबर आला. आईनं सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली, ‘संग्राहक : ओजस्वी दळवी, सातवी’, आणि ती फ्रेम अजून हॉलमध्ये, आल्यागेल्याला दिसेल अशी लावलेली होती.

मुलं डबे खायला बाहेर गेली. ओजस्वी नळाशीच उभी राहिली.

“साबणानं नाही जात ते,” डॉ. खोत शेजारी येऊन म्हणाल्या.

“मॅडम, सर म्हणाले होते मुळासकट…” एवढं बोलली आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकवेना. वक्तृत्वाची ढाल आणणारा तोच आवाज. “मीच. मीच ओढलं.”

आता बोलणी बसणार म्हणून तिनं मान खाली घातली. पण डॉ. खोतांनी तिचं मनगट धरलं.

“मुळं आहेत अजून?”

“घरी आहेत. फ्रेममध्ये.”

डॉ. खोत खाली पायरीवरच बसल्या. आमरीचं बी धुळीहून बारीक असतं, त्यांनी समजावलं. त्यात अन्नाचा कणही नसतो. मुळात राहणारी एक बुरशी त्याला भरवते, बाळाला दूध पाजावं तशी; तेव्हाच ते रुजतं. चांदवेणीची बुरशी त्या मुळांबरोबर गेली, नंतर वादळात जांभूळही उरलीसुरली बुरशी घेऊन पडली. या चारशे झाडांना बी धरत होतं, पण एकही रुजत नव्हतं.

“वाळलेल्या मुळात ती झोपलेली असू शकते. उठली, तर सडा पुन्हा पांढरा होईल.” मग त्यांनी वर तिच्याकडे पाहिलं. “पण तुला सांगायला हवं. घावखूण बीतून उतरते. चाळीस वर्षांनी तू तुझ्या लेकरांना घेऊन गेलीस, तरी ती मिटतीलच.”



संध्याकाळी ओजस्वीनं फ्रेम उतरवून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आईनं काचेवरून स्वतःच्याच अक्षरांवर बोट फिरवलं.

“खांद्यावर मी घेतलं होतं,” बाबा म्हणाले. “तुझा काय दोष? देऊन टाकू, पण चिठ्ठी काढून. पोरीचं नाव कशाला?”

“नको. चिठ्ठी राहू दे.” तिनं फ्रेम स्वतःकडे ओढली. “उद्या मी स्वतः नेऊन देणार आहे. आणि बी टाकलं, की दर वर्षी सड्यावर बघायला मीच जाणार. बाकीच्यांना नुसती फुलं दिसतील, बाबा. मी गेल्यावर मिटली, तरच ती मी ओढलेल्या चांदवेणीची लेकरं म्हणायची.”