काकांची डिस्क

हसणार नसाल तर सांगते. दवाखान्यातले कॉम्प्युटर दुरुस्त करायला मला काकांनी शिकवलं. नात्याचे नव्हते, पण सगळ्यांचेच काका. तोंडात कायम लवंग. मागच्या वर्षी ते गेले आणि त्यांची जुनी, तारेने जोडायची डिस्क माझ्याकडे आली. तिच्यात त्यांनी एक एवढीशी सिस्टिम बसवली होती. बंद पडलेल्या मशीनला डिस्क जोडली, की मिनिटभरात ते उठून बसायचं. काय डोकं होतं हो माणसाचं!

सुरू होताना ती विचारायची, ‘घाई आहे का?’ ‘नाही’ लिहिलं तरच पुढे जायची. ‘हो’ लिहिलं की मशीन बंद. घाईत माणूस घोळ घालतो, हे काकांचं ठाम मत. मी घोळ घातला की माझी खुर्ची ढकलून म्हणायचे, “सरक बाजूला, पोरी.”

त्या दुपारी एका आजींना बेशुद्ध आणलं. ऑपरेशन लगेच करायचं होतं. पूर्वी इथेच भुलीच्या एका औषधाने त्या मरता मरता वाचल्या होत्या, पण मुलाला नाव आठवेना. नोंद होती तळघरातल्या जुन्या मशीनवर, आणि ते महिनाभर सुरूच होत नव्हतं.

मी आणि सिस्टर धावत खाली गेलो. डिस्कची बॅग टेबलावर टाकली, बटण दाबलं. पडदा उजळला. घाई आहे का?

मी ‘हो’ लिहून बसले. आता संपलंच सगळं, असं वाटलं.

मशीन बंद झालं नाही. सावकाश एकेक अक्षर उमटलं. ‘मग सरक बाजूला, पोरी.’

मी उठून भिंतीला टेकले. फायली आपोआप उघडत होत्या... कळफलकाचा बारीक आवाज येत होता... आणि लवंगेचा वास.

“तुम्ही... हात नाही ना लावलात?” सिस्टर पुटपुटली.

मी नाही म्हणून मान हलवली. आजींची नोंद समोर आली. सिस्टरने औषधाचं नाव लिहून घेतलं आणि ती पळाली. डॉक्टरांनी औषध बदललं. आजी वाचल्या.

मी मात्र तिथेच होते. “काका, मानलं तुम्हाला,” म्हणत डिस्क काढायला मशीनमागे हात घातला. तिथे तारच नव्हती.

डिस्क बॅगेतच होती. घाईत मी ती बाहेर काढलीच नव्हती. तारेची गुंडाळी, वर काकांचं रबरबँड, सगळं जसंच्या तसं.

उचलायला गेले, तर हाताला चटका बसला.