चौदा घरांच्या गावाहून आलेली पेटी

"मांजरं मोज!" संपत कुजबुजला.

"सात! आणि सगळी भंगाराच्या खोलीच्या दारात!" बिलकिस म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत नारायण पेठेतली ती शाळा ओस पडली होती; फक्त ऑफिस तेवढं उघडं होतं. बिलकिस, संपत आणि पद्मजा मागच्या भिंतीवरून आत उतरले होते, ते एका पेटीच्या शोधात. बिलकिसची पत्रमैत्रीण इंगेर नॉर्वेत राहायची. तिकडे समुद्र डोंगरांमध्ये खोलवर शिरतो, त्याला फ्योर्ड म्हणतात. अशाच एका फ्योर्डच्या काठावर इंगेरचं गाव होतं, अवघ्या चौदा घरांचं! तिचे आजोबा होडी घेऊन गेले ते परतलेच नाहीत. त्यांनी पकडून वाळत घातलेला शेवटचा मासा इंगेरने बिलकिसच्या अम्मीसाठी पेटीत घालून, बिलकिसच्या नावाने शाळेच्या पत्त्यावर पाठवला होता. त्याला तीन महिने झाले. शाळेचे हेडक्लार्क भाऊसाहेब मात्र दर वेळी एकच सांगत, "पेटीबिटी काही आलेली नाही."

पद्मजाने दाराची फट हुंगली आणि नाक दाबलं. "चला, भाऊसाहेबांकडे! बोलेन मीच."

भाऊसाहेब ऑफिसात चहा पीत होते.

"भाऊसाहेब, आम्ही पोस्टात जाऊन आलो," पद्मजाने बेधडक थाप मारली. "पेटीच्या पावतीवर आपली हिरव्या शाईतली सही आहे!"

"हिरवी? काहीतरीच! निळ्या शाईनेच केली होती मी!" भाऊसाहेब बोलून गेले आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

संपत धावत जाऊन मुख्याध्यापकांना घेऊन आला. शिपाई मच्छिंद्रने भंगाराच्या खोलीचं कुलूप काढलं. पावसाळाभर गळक्या पत्र्याखाली पेटी भिजली होती. मासा सडला होता. सोबतच्या पत्राची शाई पार विरघळली होती.

"अहो सर, शाळेत मासळी! काय करायचं होतं मी? कोणाला विचारायचं?" भाऊसाहेब म्हणाले.

"जिच्या नावाने आली होती तिला!" बिलकिस ओरडली. तिला रडू आवरेना.

"शाबास! अशा चौकस मुलांचा शाळेला अभिमान आहे," मुख्याध्यापकांनी तिघांची पाठ थोपटली, हातावर पेढे ठेवले. "बिलकिस, मैत्रिणीला कळव हं, मासा फार आवडला म्हणून. परदेशात शाळेचं नाव खराब व्हायला नको."

बिलकिसने पेढा टेबलावर ठेवला. घरी जाऊन तिने लिहिलं, "इंगेर, तुझ्या आजोबांचा मासा आमच्या शाळेत सडला. आम्ही तो शोधला, पण फार उशिरा. मला माफ कर."

ते पत्र तिने शाळेत दिलं नाही. मंडईजवळच्या टपालपेटीत स्वतःच्या हाताने टाकलं.