आइस्क्रीमच्या फ्रीजमधले रिव्हेट

धुळ्याच्या तेजल गिरासेचे पत्र मी दोनदा वाचले आणि खूण म्हणून एका पुस्तकात ठेवून दिले. उत्तर काही लिहिले नाही. पत्र असे होते:

"लेखक आजोबांना नमस्कार. आमच्या गावाबाहेरच्या धावपट्टीवर विमानांचे संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धातले एक विमान तिथे दुरुस्त करत आहेत. त्याने शंभरी ओलांडली आहे. दुरुस्तीनंतर ते पहिल्यांदा माझी आई उडवणार आहे. पण त्याचा पंख जोडायचे रिव्हेट आइस्क्रीमच्या फ्रीजमध्ये ठेवतात. का, असे विचारले की सगळे हसतात. जो रिव्हेट फ्रीजबाहेर टिकत नाही, तो आकाशात कसा टिकेल? खरे काय ते कळवा."

रिव्हेट (पत्रे एकमेकांना जोडणारी, डोके असलेली धातूची खीळ) मी कधी हातात धरला नव्हता. मी ग्रहांवर लिहितो, मुंग्यांवर लिहितो, तेही चार पुस्तके पुढ्यात ठेवून. इथे एक मुलगी आपल्या आईच्या जिवाबद्दल विचारत होती. चुकीचे लिहिले तर? या धास्तीने पत्र तसेच राहिले. शेवटी मी पिशवी भरली आणि धुळ्याला गेलो.

हँगरमध्ये (विमान ठेवायच्या मोठ्या शेडमध्ये) शिरताच एका मुलीने मला नाव विचारले. मी सांगितले.

"म्हणजे तुम्हीच! पुस्तकावरच्या फोटोत तर दाढी आहे."

"काढली. तू विचारलेलं मला येत नव्हतं गं."

"मग तसं लिहायचं. आमच्या बाईंना नाही आलं की त्या सरळ सांगतात."

मुख्य अभियंता फरीदा तडवी पंखाखालून बाहेर आल्या. "बरं झालं आलात सर. आमचं हिला पटत नाही. म्हणते, लिहून द्या."

"तुम्हीच म्हणता ना फरीदाताई, इथे तोंडी काही चालत नाही!" तेजल म्हणाली.

ते खरे होते. या हँगरची रीतच तशी. जो विमानाला हात लावेल, त्याने केलेल्या कामाखाली सही करायची. ठोक्या नावाचा यंत्रमानवसुद्धा सही करत असे.

"सगळ्यांत सुवाच्य सही माझीच आहे," ठोक्याने मला सांगितले आणि तो पंखाशी जाऊन रिव्हेट ठोकू लागला. पहिल्याच रिव्हेटला त्याचा हात थांबला.

"ताई, हा ऐकत नाही. डोक्याला चीर गेली."

फरीदाताईंनी फ्रीज उघडला. रिव्हेटच्या डब्याच्या जागी कुल्फ्या होत्या. डबा फ्रीजच्या वर होता, हाताला पार कोमट.

तेजलचा चेहरा उतरला. "आईसाठी आणल्या होत्या. आत जागा नव्हती, म्हणून डबा मीच सकाळी वर ठेवला."

"ठोक्या, यातले किती मारलेस?"

"हा एकच. काढून टाकतो."

तेजल रागावली नव्हती, घाबरली होती. "बघा! सकाळपासून बाहेर राहिला तर तडकला. पंखात तर वर्षानुवर्षं राहणार!"

माझ्याही मनात तेच आले होते. 

"बाहेर राहिला म्हणून नाही तडकला," फरीदाताई म्हणाल्या. "घट्ट झाल्यावर ठोकला म्हणून तडकला. शाळेत प्रार्थनेला तुमच्या रांगा कशा सरकतात?"

"एकीशेजारून एक."

"धातूतले अणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) असेच थरांनी असतात. ठोकलं की थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून धातू चपटा होतो. हा रिव्हेट मिश्रधातूचा (धातूत दुसरे पदार्थ मिसळून केलेला) आहे. ॲल्युमिनिअमच्या रांगांत थोडी तांब्याची पोरं. भट्टीत तापवला की ती सगळीकडे पांगतात. लगेच पाण्यात बुडवला की जिथल्या तिथे अडकतात. तेव्हा रिव्हेट मऊ असतो. पण नुसता ठेवून दिला तर ती पोरं हळूहळू एकमेकांकडे सरकतात, घोळके करतात. मग काय होतं?"

"रांगेला वाट मिळत नाही," तेजल म्हणाली. "थर सरकत नाहीत."

"म्हणजेच धातू कठीण झाला. आम्ही म्हणतो, मुरला. लोणच्यासारखा."

"आणि फ्रीजमध्ये?" मी न राहवून विचारले.

"गारठ्यात अणूंची हालचाल मंदावते, सर. घोळके जवळजवळ होतच नाहीत. मऊ असताना ठोकायचा आणि मग पंखातच मुरू द्यायचा. फ्रीजबाहेर तो बिघडत नाही गं, मजबूत होतो. फक्त त्याआधी आपल्या जागी बसलेला असायला हवा."

"मग हे डबाभर वाया गेले?"

"छे! पुन्हा तापवले की घोळके मोडतात."

ठोक्याने काही रिव्हेट छोट्या भट्टीत तापवून पाण्यात बुडवले. फरीदाताईंनी त्यातला एक तेजलला दिला. तिने हातोडी मारली. रिव्हेट पेढ्यासारखा चपटला. चीर कुठेच नव्हती. तिने तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला.

पंखातले नवे रिव्हेट मुरेपर्यंत मी धुळ्यातच राहिलो. मग पंखावर वाळूची पोती रचली गेली. आकाशात येईल त्याहून जास्त भार. पंख थोडा वाकला आणि पोती उतरवताच सरळ झाला. पोती मोजत होती तेजलची आई, कल्याणी.

"तुला भीती नाही वाटत?" तेजलने तिला विचारले.

"वाटते की. म्हणून तर स्वतः मोजते."

उड्डाण दुसऱ्या दिवशी होते. तेजल माझ्याकडे वळली. "माझं उत्तर?"

"उद्या आई उतरली की लिहितो."

"निकाल लागल्यावर पेपर लिहिणार?"

मी हँगरच्या बाकावर बसलो. रांगा, घोळके, फ्रीज, पोती, सगळे क्रमाने लिहिले. आणि शेवटी:

"पंख टिकेल असे मला वाटते. का वाटते, ते वर लिहिले आहे. त्यात चूक दिसली तर मला कळव. चंद्रावर घरे बांधायला निघालेल्यांनाही हलका आणि मजबूत धातू लागणार आहे. तो मुरवायला तू असशील, तर मला आवडेल."

खाली पूर्ण नाव लिहून सही केली. ठोक्याने वाकून पाहिले आणि सही वाचता येते, असे सांगितले.

टपालाने आलेल्या पत्राला उत्तरही टपालानेच, म्हणून चौकातल्या टपालपेटीशी गेलो. अजून उजेड होता. पाकीट आत घातले, पण बोटे सुटेनात. एखादे वाक्य पुन्हा तपासावे का? मग बोटे सैल केली. पत्र आत पडले.