उष्णता वळत नाही

खडू पुन्हा पडला!

फळ्याखालच्या पट्टीवर ठेवला की थरथरत थरथरत कडेला यायचा आणि टप्पकन खाली. तळघरातल्या कुठल्याशा पंपाची घरघर सकाळपासून भिंतीतून वर चढत होती. त्यात तिचं गणित काही केल्या जुळत नव्हतं. ती तणतणत जिने उतरली आणि तळघराचं दार ढकलून ओरडली, "आधी तो पंप बंद करा!"

एका भल्यामोठ्या पिंपाएवढ्या यंत्रामागून डोकं वर आलं. विस्कटलेले केस, कपाळावर काळा डाग, आणि ओठांत धरलेला स्क्रू. त्याने तो सावकाश काढून हातात घेतला.

"पंप बंद केला तर महिनाभर राबून आणलेला गारवा जाईल. तुमचं काय जातंय?"

"माझे खडू!"

"मग खडूंना समजवा ना... म्हणावं, कडेला जाऊ नये बाळांनो."

हसायचं नाही असं ठरवूनही ती हसली. तिथेच सगळा घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी फळ्याखालच्या पट्टीला रबराची कड चिकटवलेली होती, नीट मापात कापलेली. कोणी लावली हे काय सांगायला हवं? आणि रबर बसल्यावर खडू पडायचे थांबले, तरी तो रोज चौकशीला वर यायला लागला.

"पडला का आज?"

"नाही."

"अरेरे! मग मी आलो कशाला? आता आलोच आहे तर कॉफी..."

त्या संशोधन संस्थेत त्याला सगळे थंडोबा म्हणायचे, कारण त्याचा सारा जीव त्या थंडगार यंत्रात. तिला म्हणायचे नकारघंटा. तिचं कामच तसं होतं. सगळ्यांनी डोळे मिटून मानलेली गोष्ट घ्यायची आणि ती घडूच शकत नाही हे गणिताने दाखवून द्यायचं. आजवर अशा दोन गोष्टी तिने निकालात काढल्या होत्या. "आणि नाकारलेली स्थळं?" आई फोनवर म्हणायची. "त्यांची तर मोजदादच नाही, बाई!"

त्याने एकदा कॉफी पिता पिता आपलं स्वप्न सांगितलं. "स्फटिक खूप खूप थंड केला आणि त्यातून उष्णता सोडली, की ती सरळ जाता जाता किंचित बाजूला वळते. पुस्तकं तसं सांगतात, पण मोजून कुणी पाहिलेलं नाही. मी मोजणार!" बोलताना त्याचे डोळे असे चमकत होते, की तिची कॉफी निवून गेली.

तिचं अडलेलं गणितही याच उष्णतेचं होतं, आणि नेमकं त्यानंतरच ते सुटलं. उत्तर समोर आलं. उष्णता वळत नाही. वळूच शकत नाही! तिने उलटसुलट तपासलं, चूक सापडू दे म्हणून देवाला साकडं घातलं. चूक नव्हती. मार्गदर्शक सर खूश झाले. "बावनकशी काम! सोमवारी सगळ्यांसमोर मांड."

कोणत्या तोंडाने सांगायचं त्याला? की बाबा रे, तुझी उमेदीची वर्षं ज्याच्यामागे गेली, ते नाहीच? रोज ती ठरवायची आणि रोज भलतंच काहीतरी बोलून बसायची. शेवटी ती त्याला टाळायला लागली.

"माझं काही चुकलं का?" एकदा त्याने जिन्यातच गाठलं. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"छे... तुझं काय चुकणार?"

"चुकतंय. सगळंच चुकतंय माझं..." तो पुढे काही बोलणार होता, पण तिने नजर चुकवली. तो खाली गेला.

शुक्रवारी दुपारी फळ्यासमोर उभी असताना तिला एकदम कसंतरीच झालं. कशाने, ते क्षणभर कळेना. मग तिने भिंतीवर हात ठेवला. भिंत गप्प होती. पंप बंद पडला होता!

ती जिने कशी उतरली, तिचं तिलाच ठाऊक. तळघरात तो यंत्राचे बोल्ट सैल करत होता.

"काय करतोयस हे?"

"आवरतोय. राजीनामा दिला सकाळी." त्याने वर पाहिलं नाही. "कितीदा उघडलं, कितीदा नवे सांधे जोडले. उष्णता वळतच नाही ग. दरवेळी शून्य! जगाला ठाऊक असलेली गोष्ट ज्याला मोजता येत नाही, त्याने इथे जागा अडवू नये."

हा शून्य पाहत होता... आणि स्वतःलाच दोष देत होता?

"थांब! हात काढ तिथून! शून्यच येणार. ती वळतच नाही. मी सिद्ध केलंय!"

पाना त्याच्या हातातच राहिला. "कधी?"

"झाले... बरेच दिवस."

"आणि सांगितलं नाहीस." आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "मी इथे वेड्यासारखा तेच तेच जोडत होतो, आणि तू वर गप्प बसलीस?"

"तुझं स्वप्न मोडेल म्हणून भ्याले रे! चुकलं माझं. हवं तेवढं बोल मला, पण आधी पंप चालू कर. गारवा जातोय!"

त्याने बोल्ट पुन्हा आवळले, पंप चालू केला, पण चेहरा तसाच घट्ट. "तुझं गणित चुकलं असेल तर?"

"बघूया. उष्णता दुप्पट सोड. वळत असेल, तर तेव्हा तरी दिसेलच."

"सांधे वितळतील. म्हणूनच कधी धजलो नाही."

"नाहीतरी मोडायलाच निघाला होतास ना?"

त्याने बटण फिरवलं. पडद्यावर दोन रेघा होत्या. सरळ जाणारी उष्णता दाखवणारी वर चढू लागली. बाजूची हलली असती, तर तिचं सगळं काम मातीत. पहिली रेघ चढली, आणखी चढली... दुसरी ढिम्म! त्याने अजून फिरवलं. आत कुठेतरी सांधा कुरकुरला. तरीही दुसरी जागची हलली नाही.

"म्हणजे माझं यंत्र..." तो पुटपुटला.

"पहिल्यापासून बरोबर होतं, वेड्या!"

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतोय की हसतोय कळेना. दोन्ही चाललं होतं. काहीच न घडल्याचा इतका आनंद त्या तळघरात कधी झाला नसेल.

"सोमवारी आधी तू तुझं शून्य मांड, मग मी गणित," ती म्हणाली. "आणि तो राजीनामा परत घेऊन ये."

"घेईन. पण राग गेलेला नाही माझा."

"ठाऊक आहे."

तो जरा जवळ आला. "नकारघंटे, एक विचारू? आपल्या दोघांचं... ते पण घडू शकत नाही का?"

ती कपाळावरचा त्याचा तो काळा डाग ओढणीने पुसू लागली. निघत नव्हता, पण तिला घाई नव्हती.

"सिद्ध करायला बसले होते मी," ती हळूच म्हणाली. "पहिल्या कॉफीपासून बसलेय... सगळ्या बाजूंनी करून पाहिलं रे. नाही होत सिद्ध."