शेपटीतले ठोके

पूजा विमानाची, पण नारळ फुटला तो गवतावरच्या दगडावर. "नाकावर फोडू नका हं," चैत्रालीनं आधीच बजावलं होतं, "पोचा आला तर अजून नऊ वर्षं लागतील." बाबा इंधनाच्या टाक्या तपासत होता, तो अर्ध्यातूनच हळदकुंकवाला आला. दोन पेढे खाल्ले आणि घड्याळ बघत थेट सीटवर चढला.

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या घराच्या गॅरेजमध्ये बाबा आणि त्याची थोरली बहीण स्वातीआत्या, दोघांनी वर्षानुवर्षं खपून हे दोन सीटचं विमान जोडलं होतं. बाबा बाहेरून पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायचा. आत्या शेपटीच्या पोकळीत आडवी होऊन आतून पोलादी ठोकळा धरायची. त्या गोंगाटात बोलणं कुठलं ऐकू येणार? म्हणून ती पत्र्यावर वाजवायची. एक ठोका, म्हणजे नीट बसला नाही, पुन्हा बघ. दोन, म्हणजे छान. मग बाबा म्हणायचा, "पुढचा, ताई."

नॉटिंगहॅमजवळून सुटणाऱ्या विमानांच्या शर्यतीत उतरायचं, हे आत्याचंच खूळ. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आज तिच्या सीटवर सोळा वर्षांची चैत्राली नकाशा मांडीवर घेऊन बसली होती आणि हसून हसून तिचे गाल दुखत होते. बाराच्या आत पोचायचं, नाहीतर नाव कटणार.

अर्ध्या तासानं बाबा म्हणाला, "डावी टाकी अर्ध्यावर आली. आता उजवीवर घेतो." त्यानं टाकी बदलायच्या खटक्याकडे हात नेला.

चैत्रालीच्या पाठीला ठोका जाणवला. एकच.

तिनं मागे पाहिलं. सीटमागे पत्रा, पत्र्यापलीकडे रिकामी शेपटी.

"बाबा, काहीतरी वाजलं."

"पत्रा गं. थंडीत आकसतो. फिजिक्समध्ये नऊची, सगळ्यात वरची ग्रेड ना तुझी?"

होती. आणि पटलंही तिला. बाबाचा हात पुन्हा खटक्याकडे गेला.

एक ठोका. जरा जोरात.

हात थबकला तसं सगळं शांत. तिनं मनात वीसपर्यंत आकडे मोजले. काही नाही. बाबाची बोटं खटक्याला टेकली.

एक.

"टाकी बदलू नकोस," ती म्हणाली. "खाली उतरू या."

"चैतू, अकरा वाजत आलेत. उतरलो तर शर्यत विसर."

"विसरले. उतर."

बाबानं तिच्याकडे नीट बघितलं. मग तो खाली दिसणाऱ्या एका छोट्या फ्लाइंग क्लबच्या गवतावर उतरला.

उजव्या पंखावरचं टाकीचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं, फिरवून बंद केलेलंच नव्हतं. त्याच्यामागे पंखाच्या कडेपर्यंत इंधनाचा ओला ओघळ. बाबानं टाकीत मोजपट्टी घातली. कोरडीच बाहेर आली.

तो गवतावर बसला. "नारळाच्या गडबडीत राहिलं," तो हळूच म्हणाला. "हिच्यावर घेतलं असतं, तर गावावर असताना इंजिन बंद पडलं असतं. तुला कसं कळलं?"

"शंका आली."

क्लबच्या पंपावर टाक्या भरल्या. या वेळी दोन्ही झाकणं चैत्रालीनं स्वतः फिरवून बघितली.

अकरा छप्पन्नला ते पोचले. नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या बाईनं त्यांच्या नावापुढे खूण केली, तेव्हा चैत्रालीनं बाबाला अशी मिठी मारली की त्याचा चष्मा पडला.

मग रांग. निशाणवाला समोर उभा राहिला.

चैत्रालीनं हात मागे नेऊन पत्र्यावर ठेवला. गारठलेला. तिनं बोटं सरकवली. एका जागी, तळहाताएवढा, पत्रा कोमट होता.

तिनं हात काढला नाही.

निशाण खाली आलं.

हाताखाली ठोके पडले. दोन.

बाबाच्या कानांवर जाडजूड हेडसेट होता, नजर समोर होती.

"पुढचा, ताई," तो म्हणाला, आणि त्यानं इंजिनला पूर्ण जोर दिला.