सहाव्या खणातलं पाणी

मेडशीच्या अलीकडं एक तांडा होता. त्या तांड्यावर राहायची जमनाबाई, तिचा नवरा भाऊसिंग, पोटुशी सून कमली आणि दारापुढं मुकी उभी असलेली एक सवारीची मोटार. इंजिन धडधाकट, पण बॅटरी पार गेलेली. मागल्या साली कमलीचं पहिलं लेकरू अकोल्याचा दवाखाना गाठायच्या आत बैलगाडीतच गेलं होतं. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, हे जमनाबाईनं मनाशी धरलं, अन् नवऱ्यासंगं ती शेलूबाजारला युनूस मिस्त्रीकडं बॅटरी निवडायला गेली.

युनूसनं दोन पुढं ठेवल्या. एक चकचकीत, पण कोपऱ्याला केसाएवढी चीर. दुसरी काळी, जुनी. उचलून पाहिली तर चांगली जड. तारांना दिवा जोडला तर पांढराशुभ्र पेटला.

"भाभी, माल हाच खरा," युनूस हळूच म्हणाला. "पण सांगून देतो. दौलतसिंगच्या ट्रकातली हाय. घाटात उलटला ना तो. दोन दिवस खाली दबून... पाणी, पाणी करत गेला बिचारा."

भाऊसिंग मागं सरला. "मेल्या माणसाची चीज नाई पाह्यजे मले!"

"माणूस मेला. बॅटरी कुठी मेली?" म्हणत जमनाबाईनं तीच उचलली.

युनूसनं तिला सगळं समजावलं. विहिरीचं पाणी घालायचं नाही, आतले शिशाचे पत्रे सडतात. काचेच्या बरणीत धरलेलं पावसाचं पाणीच घालायचं, तेही पत्रे बुडतील इतकंच. टोकांवर पांढरी बुरशी आली की पुसून व्हॅसलीन लावायचं.

तिनं तसंच केलं. पण बॅटरीच्या सहा खणांतले पाच महिनाभर भरलेले राहत, अन् सहावा रोज भर दुपारी कोरडा. डोळा लावला तरी आत नुसता काळोख. खालची फळी खडखडीत, पेटीला चीर नाही. तांडा उन्हात निपचित पडला की आंबूस वास सुटायचा आणि टोपणाखालून आवाज यायचा... घुटूक. घुटूक.

तांड्यावरचा रूपला भगत म्हणाला, "पाण्यानं भागत नाई त्याचं. कोंबड्याचं रगत घाला त्या खणात."

एका दुपारी भाऊसिंग खरंच कोंबडा घेऊन आला. जमनाबाई बॅटरीपुढं उभी ठाकली.

"रगतानं बॅटरी नासते. काहून माह्या सुनेच्या जिवावर उठले तुमी?" मग ती पेटीकडं वळली. "दौलतसिंगभाऊ, तहानेनं गेलास, म्हून पाणी देतो. रोज देईन. पण माह्या कमलीच्या दिवशी आडवा आला, तर तुले उचलून नाल्यात ओतीन!"

आत घुटूक झालं नाही. कोंबडा सुटला तो थेट छपरावर.

तो दिवस आलाच. कमलीचं मूल आडवं होतं. मोटार निघाली अन् बरोब्बर घाटातल्या त्या वळणावर बंद पडली. वारा नाही, पाखरू नाही. मागं कमलीचं कण्हणं, अन् पुढं, बॉनेटच्या आत, कुणी कोरड्या घशानं श्वास ओढावा तसा आवाज.

भाऊसिंगचे हात स्टिअरिंगवरून उठेनात. "जमने... तो इथंच गेला व..."

"तुमी बटन दाबाले तयार राहा," जमनाबाई म्हणाली अन् बरणी घेऊन उतरली. पाची खण भरलेले. सहाव्यात ती ओतत राहिली. पाव बरणी, अर्धी, पुरी... तरी खण भरेना. एक थेंब खाली सांडला नाही.

"झालं? पोट भरलं?" तिनं टोपण घट्ट लावलं. "चाल आता!"

भाऊसिंगनं बटन दाबलं. मोटार अशी उठली की पाखरं झाडांवरून उडाली. पाखरं नव्हतीच म्हणतात त्या घाटात.

कमलीला पोरगी झाली; रडली तर सारा दवाखाना गोळा झाला. पुढं मोटारीच्या दोन मोटारी झाल्या, घरावर कवेलू चढले.

आठ सालांनी ती बॅटरी खरंच थकली. युनूसनं तांड्यावर येऊन वरचं डांबर फोडलं, झाकण काढलं अन् एकेक खण बोटानं चाचपला.

"भाभी, पाच खणांत पत्रे हायेत. सहाव्यात एकबी नाई. कधी नव्हताच. हा खण कोरा, तर दिवाबी पेटाले नको. गाडी चालली कशावर?"

"पाण्यावर," जमनाबाई म्हणाली, अन् दुपारची वेळ पाहून बरणी आणायला आत गेली.